पोखर्णीची मांजर

चौतीस वर्षं बन्सीधर पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होता. डॉक्टरकीची पदवी त्याच्याजवळ नव्हती. पण परभणी तालुक्यातल्या निम्म्या गावांत त्यानं अडलेल्या म्हशी सोडवल्या होत्या, घटसर्पाच्या लशी टोचल्या होत्या, फुगलेल्या बैलांची पोटं उतरवली होती. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. पहिली दोन-चार वर्षं तो ‘मी डॉक्टर न्हाई हो’ असं सांगायचा. पुढं सांगायचं सोडून दिलं.

रिटायर झाल्यावर घरात करमेना, म्हणून तो सगुणाबाईंच्या ‘आसऱ्या’त जायला लागला. सगुणाबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. पेन्शनीत आल्यावर त्यांनी पेडगाव रस्त्यावरचं एक बंद पडलेलं गोदाम मागून घेतलं आणि टाकून दिलेली, गाडीखाली सापडून वाचलेली मांजरं तिथं सांभाळायला सुरुवात केली. तीसेक मांजरं होती. झाडलोट, पिंजरे धुणं, खायला घालणं हे सगळं बायनाबाई करायची. ती पेडगावची, पन्नाशी ओलांडलेली. घरी शेळ्या-मेंढ्या, नवरा लिंबाजी त्या चारायला न्यायचा. सकाळी सातच्या जीपनं ती यायची आणि अकराला परत जायची.

गेल्या वर्षापासून डॉक्टर निकिता आठवड्यातून दोनदा येत होती. ती पदवीची, खरी डॉक्टर, तिशीच्या आतली. पहिल्याच दिवशी तिनं फिनेलचा कॅन उचलून बाहेर ठेवला. “मांजराला हे विष आहे, काका. फरशीवरनं चालतात आणि पाय चाटतात.” मग तिनं नियम लावले. नवं मांजर आलं की त्याच दिवशी लस, आणि चौदा दिवस मागच्या पत्र्याच्या खोलीत वेगळं. पिंजऱ्यापिंजऱ्यात चार हातांचं अंतर. प्रत्येक पिंजऱ्यात लपायला पुठ्ठ्याचं खोकं. धुताना आधी निरोगी मांजरं, मग नवी, आजारी सगळ्यात शेवटी. प्रत्येक खोलीचं फडकं वेगळं.

“शिंक चार हातांपलीकडं जात नाही,” ती सांगायची, “पण आपल्या हातावर बसली की अख्खं गोदाम फिरते. आणि ठणठणीत दिसणारं मांजरसुद्धा आजार अंगात घेऊन हिंडत असतं. जागा बदलली, घाबरलं, की ते दुसऱ्यांना द्यायला लागतं. लशीनं आजार हलका होतो, पुरता अडत नाही.”

बन्सीधर मान डोलवायचा आणि मनात हसायचा. बैलाच्या कानाला हात लावून ताप सांगणारा माणूस तो. मांजराच्या सर्दीसाठी चौदा दिवसांची कोठडी त्याला पोरखेळ वाटायचा. बायनाबाईनं मात्र सगळं मनावर घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं तीन रंगांची फडकी आणली आणि कामाचं लुगडं वेगळं करून तिथंच खुंटीला ठेवलं.

जानेवारीत निकिता बहिणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस लातूरला गेली. सगुणाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्या घरीच होत्या. गोदाम बन्सीधरच्या भरवशावर होतं. आणि निकिता गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोखर्णीचे किशनराव चारचाकीतून उतरले. हातात टोपली, टोपलीत पांढरी-पिवळी मांजर.

किशनराव मोठे बागायतदार. त्यांच्या गोठ्यात बन्सीधर वीस वर्षं जात-येत होता. दिवाळीत त्यांची बायको वारली, आणि आता ते पुण्याला लेकाकडं निघाले होते.

“हिच्यावर तिचा लय जीव होता, डॉक्टर,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुनाच्या हवाली करू वाटंना.”

बन्सीधरनं लस टोचली आणि त्यांना मागच्या खोलीकडं नेलं. तिथं एकच मांजर होतं, सेलूच्या जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाखाली सापडलेलं एक पिल्लू, नाकानं फुरफुर करणारं. किशनरावांनी पत्रा बघितला, लहानशी खिडकी बघितली.

“हितं कोंडायची हिला?”

“चौदा दिवस. मग मोठ्या खोलीत. मॅडमचा नियम हाय.”

“मॅडमचा.” किशनरावांनी त्याच्याकडं बघितलं. “मग तुमचं काय चालत न्हाई का हितं?”

त्यांनी काही वाईट मनानं विचारलं नव्हतं. पण बन्सीधरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “तसं काय न्हाई,” तो म्हणाला. “मीच बघतो हितलं सगळं.” त्यानं मांजरीचे डोळे पाहिले, स्वच्छ होते. नाक कोरडं, हिरड्या गुलाबी, छाती साफ. “तंदुरुस्त हाय एकदम. हिला कशाला कोंडायची?” आणि किशनरावांच्या देखत त्यानं तिला मोठ्या खोलीत, खिडकीजवळच्या पिंजऱ्यात ठेवलं. किशनराव समाधानानं गेले. बन्सीधरनं तिला थोडा वेळ कुरवाळलं आणि त्याच हातानं शेजारच्या पिंजऱ्यातल्या पिल्लांना खायला घातलं. दुसऱ्या दिवशी बायनाबाईनं ‘हिला मागं न्हाई का ठेवायची?’ असं विचारलं, तेव्हा ‘मी तपासलीय, हिला चालतंय’ असं त्यानं सांगितलं, आणि डॉक्टरचा शब्द म्हणून तिनं तो मानला.

सहाव्या दिवशी त्यातलं एक पिल्लू शिंकलं. संध्याकाळपर्यंत तिघं शिंकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाईनं त्याला फोन केला, “डाक्टर, लवकर या. लेकरांचे डोळे चिकटलेत.”

त्यानं जाऊन पाहिलं आणि निकिताला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळे कोमट मिठाच्या पाण्यानं पुसायला सांगितलं, आजारी पिंजरे एका बाजूला करायला सांगितलं. मग विचारलं, “मी गेल्यावर नवीन कुणी आलं का?”

मोठ्या खोलीत, फोन कानाला लावून, पोखर्णीच्या मांजरीकडं बघत बन्सीधर म्हणाला, “एक आली. पण ती पहिल्यापास्नं माझ्या घरी हाय. वेगळी ठेवलीय.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं, इतका तो सरळ निघाला होता. मग त्यानं टोपली घेतली आणि मांजर उचलली.

“हिला कुठं न्यायलाव?” बायनाबाईनं विचारलं.

“घरी. ही चांगली हाय, हिला लागायला नको.”

“बरं केलंव,” ती म्हणाली. “बिचारी नवीन हाय.”

निकिता लग्न अर्धं टाकून परत आली. काळा चष्मा लावून सगुणाबाईही आल्या. गोदामाच्या दारात चौघं उभे राहिले आणि निकितानं शोध घ्यायला सुरुवात केली. तिच्या डोळ्यांपुढं सेलूचं पिल्लू होतं. तेच पहिल्यापासून आजारी होतं.

“बायनाबाई, मागची खोली तुम्ही शेवटीच धुता ना? रोज?”

बायनाबाई म्हणाली, “एक दिस चुकलं, मॅडम. सुनेला दवाखान्यात न्यायचं होतं, गडबडीत आधी मागची खोली झाडली आन् मग हिकडं आले. हात धुतले होते. पर लुगडं तेच होतं.”

“कधी?”

“शनवारी.”

निकितानं बोटांवर दिवस मोजले. दिवस बरोबर जुळत होते. ती रागावली नाही, नुसता श्वास सोडला. बायनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हंजी माझ्याच हातून झालं की हे.”

बोलायची वेळ होती ती हीच. बन्सीधरच्या जिभेवर शब्द आलेही असतील. पण त्याला निकिताचा चेहरा दिसला, सगुणाबाईंचा काळा चष्मा दिसला. तो पुढं झाला आणि बायनाबाईला म्हणाला, “जाऊ द्या बायनाबाई, मनाला लावून घेऊ नका. माणसाच्या हातून होतं.”

तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याला हात जोडले.

“थोडे दिवस येऊ नका तुम्ही,” सगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या. “शिक्षा म्हणून नाही. साथ आटोक्यात येईपर्यंत.”

बायनाबाई चालत जीपच्या थांब्याकडं गेली. लुगडं खुंटीलाच राहिलं.

पुढच्या आठवड्यात पिल्लांच्या जिभांवर फोड आले आणि त्यातली तीन गेली. नाक चोंदल्यावर मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. बन्सीधर मासळी उकडून तिचं कोमट पाणी त्यांच्या तोंडाशी धरायचा, वाफ द्यायचा, दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालायचा. बायनाबाईचं सगळं कामही त्यानं अंगावर घेतलं. निकिता एकदा म्हणाली, “काका, तुम्ही नसता तर मी काय केलं असतं!” तो बादली घेऊन बाहेर गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच वाकून राहिला. बादली भरून वाहत होती.

ज्यांना अजून लागण झाली नव्हती अशी सात मांजरं निकितानं ऑफिसच्या खोलीत वेगळी ठेवली होती. त्यांत मुन्शी होता. राखाडी पट्ट्यांचा म्हातारा बोका, दिवसभर टेबलावर बसून कामावर देखरेख करायचा, म्हणून मुन्शी. बन्सीधर आला की तो टेबलावरून उतरून त्याच्या पायाशी यायचा. दुसऱ्या कुणासाठी तो उतरत नसे.

पंधराव्या दिवशी निकिता म्हणाली, “ती पोखर्णीची मांजर आणा आता. चौदा दिवस झाले. ऑफिसच्या खोलीत ठेवू.”

“राहू द्या की माझ्याकडंच आठ-पंधरा दिवस.”

“का? शिंकली का?”

“न्हाई, शिंकली न्हाई.”

“लस झालीय, एकटी होती, लक्षण काही नाही. मग आणा. तुमच्यावर किती भार टाकायचा?”

आता सांगायचं तर आधीचं सगळंच सांगावं लागणार होतं. बायनाबाईचं, फोनवरचं, दारातलं. एक दिवस उशीर झाला की खरं बोलणं दुप्पट जड होतं, हे त्याला त्या पंधरवड्यात कळलं होतं. त्यानं स्वतःला समजावलं, की मांजर तंदुरुस्त आहे, आपण चौतीस वर्षं जनावरं बघितलीत, सेलूच्या पिल्लाचंच असणार सगळं. आणि त्यानं टोपली आणून ऑफिसच्या खोलीत उघडली.

पाचव्या दिवशी मुन्शीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. जिभेवर तसेच फोड होते. निकितानं त्याचं तोंड उघडून बघितलं.

“इथं आजार कसा आला? इथं तर बायनाबाई पाऊलसुद्धा ठेवत नाहीत आता.” तिनं स्वतःचे हात बघितले. “माझ्याच हातून आला असेल का, काका?”

बन्सीधरनं फडकं घेतलं आणि मुन्शीची लाळ पुसायला लागला. मुन्शी सहा दिवस झगडला. शेवटच्या दिवशी दुपारी बन्सीधर आला तेव्हा त्यानं टेबलाखालून मान उचलली, उठायचा प्रयत्न केला आणि परत टेकला. चारच्या सुमाराला तो गेला. त्याला पुरायचा खड्डा बन्सीधरनंच खणला.

दोन दिवसांनी सगुणाबाई म्हणाल्या, “बायनाबाईचं लुगडं आणि डबा इथंच राहिलाय. मी उकळून धुऊन ठेवलंय. पेडगावला जाऊन देऊन या. आणि कशा आहेत तेही बघा.”

पिशवी स्कूटरला अडकवून तो गेला. बायनाबाईचं घर गावाच्या कडेला होतं, पुढं काट्यांच्या कुंपणाचा वाडगा, त्यात पंधरावीस शेळ्या. लिंबाजी रानात गेला होता. वाडग्यात सून दिपाली एका काळ्या शेळीची धार काढायचा प्रयत्न करत होती. शेळी पाय झाडत होती, करडू बाजूला ओरडत होतं. बायनाबाई कुंपणाबाहेर दगडावर बसून लांबूनच सांगत होती, “आगं, आधी तिच्या पाठीवरनं हात फिरव. घाई करू नगंस.”

बन्सीधरला बघून ती उठली, पण जवळ आली नाही. “ठिवा तिथंच, डाक्टर. बसा. दिपाली, च्या टाक.”

“तुमी का न्हाई काढायलाव धार?”

दिपालीच बोलली. “आत्या वीस दिस झाले शेळ्यास्नी हात लावंनात. करडांजवळ जाईनात. भाकरीबी मलाच करायला लावतात. ही काळी तर माझ्या हाताला दूधच सोडंना, करडू खंगायलंय.”

“लेकरं मेली ना तिथं,” बायनाबाई म्हणाली. तिनं आपले हात पुढं धरले. धुऊन धुऊन बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. “मॅडम म्हनायच्या ना, हातावर बसून फिरतं म्हनून. माझ्या हातात बसलंय ते. किती जरी धुतलं तरी वाटतंय, हाय आजून.”

बन्सीधर म्हणाला, “बायनाबाई, मांजराचा हा आजार शेळ्यांना होत न्हाई. मी सांगतो तुम्हाला. बिनघोर हात लावा.”

खोटं नव्हतं ते. एवढं सांगून चहा पिऊन निघता आलं असतं.

“तुमी मला बरं वाटावं म्हनून म्हनायलाव,” ती म्हणाली. “शेळ्यास्नी न्हाई तर न्हाई. मांजरं तर माझ्याच हातानं गेली ना? ते कुटं जातंय?”

दिपाली चहा ठेवायला आत गेली. काळी शेळी मोकळी सुटून बायनाबाईकडं बघून ओरडत होती. बन्सीधर उभा होता तिथंच खाली, मातीत बसला.

“तुमच्या हातानं न्हाई,” तो म्हणाला. “माझ्या.”

तिला कळलं नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. किशनरावांपुढं आपला मान राहावा म्हणून मांजर मोठ्या खोलीत ठेवली ते. फोनवर खोटं बोलला ते. ‘हिला लागायला नको’ म्हणून घरी नेली, ती खरं तर लपवायला नेली ते. परत आणून मुन्शीच्या शेजारी सोडली ते. खाली मातीकडं बघत तो बोलत होता आणि बोलता बोलता मातीतले खडे उचलून एका जागी ठेवत होता.

बायनाबाई उठली, कुंपणाचा झाप सरकवून आत गेली आणि काळ्या शेळीजवळ बसली. पाठीवरून हात फिरवला, धार काढली. करडाला कासेला लावलं. भांडं बाजूला ठेवलं आणि तशीच पाठमोरी राहून तिनं विचारलं,

“‘माणसाच्या हातून होतं’ म्हनलाव मला. तवा तुमाला ठाव होतं?”

“होय.”

“मी हात जोडले तुमाला.”

“होय.”

“घरी येऊन ह्यास्नी सांगितलं, डाक्टर लय मोठ्या मनाचा मानूस हाय. समद्यांदेखत माझी बाजू घेतली त्यानं.”

बन्सीधरला वाटलं, तिनं ओरडावं. जोडा काढून मारावा. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रागापेक्षा दुसरंच काही होतं. ओळखीच्या माणसाच्या जागी कुणी परका बसलेला दिसावा, तशी ती त्याच्याकडं बघत होती.

“चला,” ती म्हणाली. “हे मला सांगून भागत न्हाई. बाईंसमोर सांगा, मॅडमसमोर सांगा. आत्ताच.”

दिपालीनं आणलेला चहा कुणीच घेतला नाही. बायनाबाई जीपमध्ये मागं बसली. बन्सीधर स्कूटरवर जीपच्या मागं मागं निघाला. सगळा रस्ताभर ती समोर दिसत होती, पण एकदाही तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

गोदामात सगुणाबाई आणि निकिता दोघीही होत्या. बन्सीधरनं सांगायला सुरुवात केली आणि फोनवरच्या खोट्यापाशी तो थांबला. “पुढं सांगा,” बायनाबाई म्हणाली. त्यानं पुढं सांगितलं.

निकिता ओरडली नाही. तिनं विचारलं, “कोणत्या तारखेला ठेवली? कोणता पिंजरा? त्या दिवशी तुम्ही कुणाकुणाला हात लावलात?” त्यानं एकेक आठवून सांगितलं. तिनं लिहून घेतलं. मग पेन ठेवून ती म्हणाली, “सेलूच्या पिल्लाच्या तोंडात फोड नव्हते, काका. सर्दीच होती त्याची. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण दुसरं कुणी नाही म्हणून मी त्याच्याच मागं लागले. तुम्ही त्या दिवशी दारात सांगितलं असतं, तर पोखर्णीची मांजर मी ऑफिसच्या खोलीत आणली नसती.” ती थांबली. “नवं मांजर चुकून आत ठेवणं, हे कुणाकडूनही होतं. मुन्शी चुकीनं नाही गेला.”

तिनं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं, असं बन्सीधरला वाटलं.

सगुणाबाई खुर्चीतून उठल्या आणि बायनाबाईसमोर उभ्या राहिल्या. “मी तुम्हाला एक शब्द न विचारता घरी बसवलं,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.” बायनाबाई म्हणाली, “मी उद्या सात वाजता येते. आज शेळ्या बघते.” आणि ती गेली.

बन्सीधर म्हणाला, “मी उद्यापासून येत न्हाई, बाई.”

“या असं मी म्हणत नाही,” सगुणाबाई म्हणाल्या, “आणि येऊ नका असंही नाही. पण न येणं सोपं आहे, एवढं सांगते.”

तो आला. पोखर्णीची मांजर परत त्याच्या घरी गेली आणि तिथंच राहिली. हा आजार तिच्या अंगात जन्मभर असू शकतो, दुसरी मांजरं नसतील तिथंच तिला ठेवायचं, असं निकितानं सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटी साथ थांबली. चार मांजरं गेली, एका पिल्लाच्या डोळ्यात फूल पडलं, बाकीची वाचली. नवं मांजर आलं की निकिता आता स्वतः खोली उघडून बघते, आणि बघताना बन्सीधरकडं वळत नाही. बायनाबाई त्याच्याशी कामापुरतं बोलते. “फडकं निळं घ्या.” “आधी हिकडचं करा.” तो तसं करतो.

एका गुरुवारी बाजारात त्याला लिंबाजी भेटला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्यानं लांबूनच नेहमीसारखा रामराम घातला, “काय डाक्टर, बरं हाय का?” बायनाबाईनं नवऱ्याला सांगितलं होतं की नाही, हे बन्सीधरला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. सांगितलं नसेल तर का नाही, आणि सांगितलं असेल तर हा माणूस आपल्याला रामराम का घालतो? विचारायची हिंमत झाली नाही. “बरं हाय,” तो कसाबसा म्हणाला, आणि मान खाली घालून भाजीच्या गर्दीत शिरला. तिथून काय घ्यायचं होतं ते त्याला घरी पोचेपर्यंत आठवलं नाही.